पीएलसीत संगणकावरून लिहायचं, तर आधी टपालपेटी बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका डेअरीत मेंटेनन्स बघणाऱ्या तरुण इंजिनिअरने विचारलंय. दुधाच्या पाश्चरायझरवर सिमेन्सचा एस७-१२०० पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आहे आणि चिल्ड वॉटर, म्हणजे थंड पाण्याच्या, प्लांटवर डेल्टाचा डीव्हीपी पीएलसी. पायथनमध्ये स्नॅप७ ही सिमेन्सच्या पीएलसीशी बोलणारी लायब्ररी वापरून तापमानाची नोंद संगणकात घ्यायची आहे. एस७ ला जोडणी होते आणि एक डेटा ब्लॉक (पीएलसीच्या मेमरीतला किमतींचा कप्पा) वाचलाही जातो, पण ७२.५ अंशांच्या जागी ५.२१ गुणिले १० चा उणे ४१वा घात असला काहीतरी आकडा येतो. दुसरा ब्लॉक वाचायला गेलं की एरर. डेल्टाकडून तर उत्तरच येत नाही, नुसता टाइमआउट. आणि आता मालक म्हणतायत की सेट पॉइंट, म्हणजे किती तापमान राखायचं तो आकडा, ऑफिसातल्या संगणकावरून बदलता आला पाहिजे. तो कसा लिहायचा?

मी २२ वर्षं पॅनल, पीएलसी आणि कमिशनिंगच्या कामात आहे आणि त्यातली बरीच वर्षं डेअऱ्यांमध्ये गेली. वाचायच्या तिन्ही अडचणी एका दिवसात सुटतील. लिहिण्याचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे आणि माझं निम्मं उत्तर त्यावरच आहे.

आधी तो विचित्र आकडा. तो कचरा नाही, ते तुमचंच ७२.५ आहे, उलट्या बाजूने वाचलेलं. ७२.५ हा रिअल (दशांश आकडा चार बाइटांत ठेवायचा प्रकार) म्हणून साठवला की त्याचे चार बाइट हेक्समध्ये ४२, ९१, ००, ०० असे होतात. सिमेन्सचा सीपीयू मोठा बाइट आधी ठेवतो, तुमचा इंटेलचा संगणक लहान बाइट आधी धरतो. तुम्ही ते चार बाइट पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने नुसतं ‘एफ’ देऊन उलगडले असणार. मग संगणकाने आपल्या सवयीने ते ००, ००, ९१, ४२ असे समजून घेतले आणि त्याचं दशांश रूप बरोब्बर ५.२१ गुणिले १० चा उणे ४१वा घात येतं. ‘एफ’च्या आधी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह टाका, किंवा लायब्ररीचंच गेट-रिअल फंक्शन वापरा, ते हा क्रम सांभाळतं. आकडा इतका सूक्ष्म दिसला की सेन्सरकडे बोट दाखवायचा मोह होतो. पण पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर बिघडला तर तो असलं कधी दाखवत नाही. शून्याला चिकटलेला अतिसूक्ष्म आकडा दिसला की आधी बाइटच्या क्रमाचा संशय घ्या.

पूर्णांकात हीच चूक वेगळा चेहरा घेऊन येते. तापमान दहापटीत, म्हणजे ७२५ असं साठवलेलं असेल आणि बाइट उलटले, तर उणे ११००६ दिसतं. म्हणून मी प्रत्येक कामात एक गोष्ट करतो, तुम्हीही करा. संगणकासाठीच्या ब्लॉकमधला पहिला शब्द कायम १२३४५ ठेवायचा. प्रोग्राम सुरू झाला की आधी तो वाचायचा. १२३४५ आला तर पत्ता बरोबर, क्रम बरोबर. १४६४० आला तर बाइट उलटलेत. तिसरंच काही आलं तर ब्लॉक चुकलाय किंवा कोणीतरी त्याची रचना बदलली आहे. मग पुढचं काहीही वाचायचं नाही, थेट एरर दाखवायची. त्याच्या शेजारी रचनेचा आवृत्ती क्रमांक ठेवला तर आणखी बरं. दोन वर्षांनी कोणी मधेच एक व्हेरिएबल घुसवलं की पुढचे सगळे पत्ते सरकतात. तेव्हा दाबाच्या जागी तापमान आणि तापमानाच्या जागी मोटरचा करंट लॉग होत राहतो, आणि आकडे पटण्यासारखे असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या ब्लॉकची एरर. टीआयए पोर्टल या सिमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये एस७-१२०० चा नवा डेटा ब्लॉक केला की तो मुळातच ‘ऑप्टिमाइज्ड’ असतो. म्हणजे कुठलं व्हेरिएबल कुठल्या बाइटला ठेवायचं हे सीपीयू स्वतः ठरवतो आणि बाहेरच्याला पत्ता सांगत नाही. स्नॅप७ पत्त्यावर चालतं: अमुक ब्लॉक, अमुक बाइटपासून, इतके बाइट. पत्ताच नसेल तर ते वाचणार काय? ब्लॉकच्या गुणधर्मात जाऊन ती खूण काढली आणि कंपाइल केलं की प्रत्येक व्हेरिएबलसमोर ऑफसेटचा रकाना दिसायला लागतो आणि मग वाचता येतं.

पण थांबा. चालू ब्लॉकची ती खूण काढू नका. तसं करून डाउनलोड केलं की ब्लॉक नव्याने मांडला जातो आणि आतल्या चालू किमती पुसून सुरुवातीच्या किमती बसतात. पाश्चरायझरच्या ब्लॉकमध्ये सेट पॉइंट, पीआयडीचे (तापमान आपोआप राखणाऱ्या हिशेबाचे) आकडे, व्हॉल्व्हच्या वेळा, फ्लो मीटरचे गुणक असतात. कमिशनिंगच्या वेळी कोणीतरी दोन रात्री जागून ते बसवलेले असतात आणि बहुतेक ठिकाणी ते कागदावर कुठेच नसतात. जुन्या ब्लॉकला हात न लावता एक नवा, ऑप्टिमाइज्ड नसलेला ब्लॉक करा, समजा डीबी (डेटा ब्लॉक) १००, आणि लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्राममध्ये, हव्या त्या किमती दर स्कॅनला (प्रोग्रामच्या दर फेरीला) त्यात मूव्ह करा. संगणक फक्त डीबी १०० बघेल. ऑफसेट रकान्यातूनच घ्या, मनाने मोजू नका. एका बूलनंतर (हो-नाहीचा एक बिट) लगेच रिअल आला तर तो बाइट १ वर नसतो, सम बाइटवर म्हणजे २ वर सुरू होतो. आणि बॅच नंबर स्ट्रिंगमध्ये असेल तर तिचे पहिले दोन बाइट अक्षरं नसतात: पहिला कमाल लांबी, दुसरा प्रत्यक्ष लांबी.

एक ब्लॉक तुम्हाला वाचता येतोय, म्हणजे सीपीयूच्या प्रोटेक्शनमधली ‘पुट-गेट’ची, म्हणजे बाहेरून वाचण्या-लिहिण्याची, परवानगी कोणीतरी आधीच दिलेली आहे. ज्यांच्याकडे ती दिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे हार्डवेअर कॉन्फिगरेशन आहे. ते डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपला जातो. दूध चालू असताना ते करायचं नाही. सीआयपी (पाइप-टाक्या जागच्या जागी धुणं) आटोपल्यावर, प्लांट रिकामा असताना, आणि आधी पूर्ण बॅकअप घेऊन. मशीन बनवणाऱ्याने प्रोजेक्ट फाइल दिलेलीच नसेल तर आधी ती मागा. फाइल हातात नसताना या वाटेला जाऊ नका.

आता डेल्टा. डीव्हीपीचे पोर्ट कारखान्यातून ९६०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट आणि मॉडबस (उपकरणांनी तारेवर बोलायची पद्धत) ॲस्की अशा मांडणीत येतात. तुमचा प्रोग्राम बहुधा आरटीयू, म्हणजे मॉडबसचा दुसरा प्रकार, आणि ८ बिट धरून विचारतोय. दोघं वेगवेगळ्या भाषेत बोलतायत, त्यामुळे टाइमआउट. पीएलसीत बदल करून तो आरटीयूवर आणता येतो, पण त्याच पोर्टवर एचएमआय (ऑपरेटरचा पडदा) किंवा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसला असेल तर त्याचं बोलणं बंद पडेल. त्यामुळे आधी संगणकालाच ॲस्की, ७, इव्हन, १ वर न्या. उत्तर लगेच येईल. वेगाची फार काळजी करू नका. ९६०० वर १० रजिस्टरं (दोन-दोन बाइटांच्या जागा) वाचायला नुसत्या तारेवरचा वेळ आरटीयूत सुमारे ३८ मिलिसेकंद आणि ॲस्कीत सुमारे ७१ मिलिसेकंद लागतो. चिल्ड वॉटरचं तापमान सेकंदात असं काही पळत नाही.

पत्त्यांचा घोळ मात्र इथे जास्त आहे. मॉडबस मॉडिकॉनने १९७९ मध्ये आणलं आणि होल्डिंग रजिस्टरं ४०००१ पासून मोजायची पद्धत त्यांचीच. तारेवर मात्र पत्ता शून्यापासून जातो, पुढचा ४ तर जातच नाही. तो फक्त ‘होल्डिंग रजिस्टर’ ही जात सांगतो आणि ते काम तारेवर फंक्शन कोड ३ करतो. डेल्टात डी० हे रजिस्टर तारेवर ४०९६ ला आहे. म्हणजे डी१०० वाचायचं तर पायथनला ४१९६ द्या. एखादं टेस्टिंग सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीने मागत असेल तर तिथे ४४१९७. या एकाच्या फरकाने माणसं दिवस घालवतात, कारण शेजारचं रजिस्टर वाचलं जातं आणि त्यातही काहीतरी आकडा असतोच.

डेल्टातला रिअल दोन रजिस्टरांत बसतो आणि खालचा अर्धा शब्द आधी असतो. तिथे ७२.५ असेल तर डी१०० मध्ये ० आणि डी१०१ मध्ये १७०४१ दिसेल. लायब्ररीने ते सरळ जोडले तर पुन्हा तसाच शून्याला चिकटलेला आकडा. शब्दांची अदलाबदल करून जोडा. ७२.५ साठी १७०४१ आणि ० ही जोडी पाठ करून ठेवा. कुठल्याही नव्या उपकरणात ७२.५ भरायचं आणि हे दोन आकडे कुठल्या क्रमाने दिसतात ते बघायचं, मॅन्युअल शोधत बसावं लागत नाही.

वाचण्याबद्दल अजून एकच गोष्ट, पण ती मनापासून सांगतोय. जोडणी तुटली तर तुमचा प्रोग्राम काय नोंदवतो?

एका डेअरीत मला लॉग तपासायला बोलावलं होतं. रात्री २ वाजून १० मिनिटांपासून ५ वाजून २० मिनिटांपर्यंत तापमान ७४.२. एक दशांशसुद्धा हललेलं नाही. पाश्चरायझरचं तापमान असं कधीच नसतं. वाफेचा दाब थोडा पडतो, व्हॉल्व्ह थोडा उघडतो, रेषा श्वास घेतल्यासारखी हलत राहते. तिथे साफसफाई करताना लॅनची केबल सुटली होती आणि प्रोग्राम एरर आली की जुनी किंमत पुन्हा लिहीत होता. पीएलसीने आपलं काम नीट केलं होतं, दुधाला काही झालं नव्हतं. पण ते सिद्ध करायला कागद नव्हता आणि त्या तीन तासांचं दूध पुन्हा पाश्चराइज करावं लागलं. ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याने एररने प्रोग्राम बंद पडू नये म्हणून चांगल्या हेतूनेच तसं केलं होतं.

वाचता आलं नाही तर रिकामी जागा नोंदवा आणि कारण लिहा. शिवाय पीएलसीत दर सेकंदाला एकने वाढणारा एक आकडा ठेवा आणि तो बाकीच्या किमतींबरोबर एकाच वाचनात घ्या. तो पुढे सरकत नसेल तर जोडणी असूनही पीएलसी स्टॉपमध्ये आहे, बाकीच्या किमती शिळ्या आहेत. ‘एकाच वाचनात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वीस व्हेरिएबल वीसदा मागू नका, सलग ठेवून एकदा मागा. एस७-१२०० ची एका निरोपाची मर्यादा २४० बाइट आहे, त्यातले वाचनाला २२२ उरतात. त्याहून मोठं मागितलं तर स्नॅप७ तुम्हाला न सांगता तुकडे करून आणतं आणि दोन तुकड्यांच्या मधे पीएलसीचा स्कॅन होऊन गेलेला असू शकतो. मॉडबसला हीच मर्यादा एका वाचनात १२५ रजिस्टरं.

आता लिहिणं.

वाचताना चूक झाली तर संगणकात चुकीचा आकडा येतो. लिहिताना चूक झाली तर व्हॉल्व्ह हलतो. पीएलसीच्या मेमरीत आधीच एक जण सतत लिहीत असतो, तो म्हणजे त्याचं लॉजिक. इनपुट वाचायचे, लॉजिक चालवायचं, आउटपुट लिहायचे, आणि पुन्हा तेच, काही मिलिसेकंदांत एकदा. तुमचा संगणक या फेरीत मधेच कधीतरी येऊन हात घालणार. लॉजिक लिहिणाऱ्याने असा तिसरा हात येईल हे धरलेलं नसतं.

म्हणून आउटपुटच्या मेमरीत थेट लिहू नका. लॉजिक तो आउटपुट चालवत असेल तर तुमचा १ पुढच्या स्कॅनला पुसला जाईल, पण तेवढ्यात रिले एकदा खडखडेल. आणि लॉजिक तो चालवत नसेल तर ते जास्त वाईट: तुमचा १ तिथेच बसून राहील, संगणक बंद झाला तरी.

बिटचा सापळा त्याहून बेमालूम आहे. पायथनमध्ये सेट-बूल वापरताना तुम्ही आधी पूर्ण बाइट वाचता, त्यातला आपला बिट बदलता आणि पूर्ण बाइट परत लिहिता. उरलेले सात बिटही तुम्ही परत लिहिताय, वाचताना जसे होते तसे. मधल्या वेळात लॉजिकने त्यातला एखादा बदलला असेल तर तुम्ही तो मागे नेलात. एका ठिकाणी सीआयपी अधूनमधून मधेच थांबायची, आठवड्यातून एखाद्या वेळी. पंप, फ्लो स्विच, वायरिंग सगळं पालटून बघितलं. शेवटी सापडलं ते असं: संगणक ‘रिपोर्ट छापला’ असा एक बिट लिहीत होता आणि सीआयपीच्या पायरीचा बिट त्याच बाइटमध्ये होता. संगणकाच्या वाचण्या-लिहिण्याच्या मधल्या काही मिलिसेकंदांत नेमकी पायरी बदलली की तो बिट मागे जायचा. आम्ही दोन आठवडे शोधत होतो. मॉडबसमध्येही रजिस्टरमधला एक बिट बदलताना हेच होतं.

यावर नियम एकच: एका जागेत एकानेच लिहायचं. पीएलसी लिहितो तो ब्लॉक वेगळा, संगणक लिहितो तो वेगळा. डीबी १०० मध्ये पीएलसी लिहील आणि संगणक फक्त वाचेल. डीबी १०१ मध्ये संगणक लिहील आणि पीएलसी फक्त वाचेल. डीबी १०१ ही तुमची टपालपेटी. पोस्टमन पत्र पेटीत टाकून जातो, घरात शिरून कपाट उघडत नाही. पेटीतलं पत्र उघडायचं का आणि त्याप्रमाणे वागायचं का, हे घरातल्याने ठरवायचं.

तुमच्या सेट पॉइंटसाठी ते असं बसतं. संगणक डीबी १०१ मध्ये आधी मागणीचा आकडा लिहितो, समजा ७६.० अंश. तो लिहिला गेल्याची खात्री झाल्यावर मागणी क्रमांक एकने वाढवून लिहितो, समजा ४१ चा ४२. क्रम महत्त्वाचा आहे: आकडा आधी, क्रमांक शेवटी. पीएलसी फक्त क्रमांकावर लक्ष ठेवून असतो. तो बदलला की लॉजिक तपासतं: आकडा मर्यादेत आहे का, पाश्चरायझर अशा अवस्थेत आहे का की बदल चालेल, पॅनलवरचा सिलेक्टर ‘रिमोट’वर आहे का. सगळं जमलं तर सेट पॉइंट बदलतो आणि डीबी १०० मध्ये लिहितो ‘४२ पाहिलं, मान्य’. नाही जमलं तर ‘४२ पाहिलं, अमान्य’ आणि कारणाचा क्रमांक. संगणक त्या उत्तराची वाट बघतो आणि तेच माणसाला दाखवतो. मालकांच्या पडद्यावर ‘सेट पॉइंट बदलला’ हे वाक्य पीएलसीच्या होकारानंतरच उमटायला हवं. लायब्ररीच्या लिहिण्याच्या फंक्शनने एरर दिली नाही याचा अर्थ फक्त पत्र पेटीत पडलं, एवढाच.

इथे तीन बारीक जागा आहेत आणि तिन्ही ठिकाणी मी माणसं अडकलेली पाहिली आहेत.

पहिली, मर्यादेची तपासणी कशी मांडायची. ‘७४ पेक्षा कमी किंवा ८० पेक्षा जास्त असेल तर नाकार’ असं लिहू नका. ‘७४ किंवा जास्त, आणि ८० किंवा कमी असेल तरच स्वीकार’ असं लिहा. दोन्ही सारखंच वाटतं, पण नाही. संगणकाकडून रिअलमध्ये ‘हा आकडाच नाही’ असा बिटांचा नमुना येऊ शकतो. पायथनमध्ये रिकाम्या खान्यातून तो सहज तयार होतो. त्याच्याशी केलेली कमी-जास्तची प्रत्येक तुलना खोटी ठरते. पहिल्या मांडणीत तो कमीही नाही, जास्तही नाही, म्हणून नाकारला जात नाही आणि थेट पीआयडीत जातो. दुसऱ्या मांडणीत तो आपोआप बाहेर राहतो. एस७-१२०० मध्ये रिअल वैध आहे का ते बघणारी ‘ओके’ नावाची वेगळी सूचनाही आहे, ती वर लावा.

दुसरी, वीज जाणं. वीज आली, पीएलसी उठला, टपालपेटीत कालचा क्रमांक पडलेला आहे. लॉजिकने ‘शेवटचा पाहिलेला क्रमांक’ शून्यापासून धरला तर त्याला ती नवी मागणी वाटेल आणि कालचा सेट पॉइंट आज लागू होईल. म्हणून पहिल्या स्कॅनला पेटीतला क्रमांक ‘पाहिलेला’ म्हणून नोंदवून घ्यायचा, कृती करायची नाही. संगणकानेही उठल्यावर १ पासून मोजायचं नाही, आधी पीएलसीकडून शेवटचा क्रमांक वाचून त्याच्या पुढचा घ्यायचा.

तिसरी, काय लिहू द्यायचं नाही ते. पाश्चरीकरणात ७२ अंशांच्या आसपास किमान १५ सेकंद दूध धरायचं असतं, आणि तापमान त्याखाली गेलं की डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध मागे फिरवतो. गरम करण्याचा सेट पॉइंट ऑफिसातून ठराविक पट्ट्यात बदलू द्या, हरकत नाही. दूध फिरवण्याची मर्यादा मात्र टपालपेटीत असताच कामा नये. तिचा पत्ता संगणकाला ठाऊकच नसावा. हे मालकांना मी स्वतः सांगतो आणि आजवर एकाही मालकाने वाद घातलेला नाही. व्हॉल्व्ह फिरवण्याचा निर्णयही संगणकाच्या वाचनावर कधी टाकायचा नाही. तो पीएलसीतच, सेन्सरच्या शेजारी.

संगणकाच्या बाजूनेही दर सेकंदाला वाढणारा एक आकडा टपालपेटीत टाकत राहा. १० सेकंद तो हलला नाही तर पीएलसीने समजायचं की संगणक गेला, आणि पॅनलवरच्या सेट पॉइंटने किंवा शेवटच्या मान्य सेट पॉइंटने काम चालू ठेवायचं. यातलं कुठलं, हे तुमच्या प्रॉडक्शनच्या माणसाला विचारून आधी ठरवा.

लिहिण्याबाबत अजून एक, कारण चिल्ड वॉटरकडे तुमचं लक्ष जाणारच आहे. तिथे टेम्परेचर कंट्रोलर किंवा ड्राइव्ह मॉडबसवर असतील. पीएलसीच्या साध्या रजिस्टरमध्ये कितीही वेळा लिहा, त्याला काही होत नाही. पण कंट्रोलर आणि ड्राइव्ह पॅरामीटर बहुतेकदा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) साठवतात आणि तिला लिहिण्याची मर्यादा असते, साधारण १ लाख ते १० लाख वेळा. दर सेकंदाला तोच सेट पॉइंट पुन्हा पुन्हा लिहिला तर १ लाख २८ तासांत संपतात आणि १० लाख १२ दिवसांत. अशा तऱ्हेने मेमरी गेलेला एक कंट्रोलर मी स्वतः बदललाय. वीज गेली की तो सेट पॉइंट विसरायचा आणि सगळे पॉवर सप्लायला दोष देत होते. किंमत बदलली तरच लिहा. मॅन्युअलमध्ये फक्त रॅममध्ये लिहिण्याचा वेगळा पत्ता दिलेला असेल तर तो वापरा.

नेटवर्कबद्दल कडक बोलतो. पुट-गेट आणि मॉडबस या दोन्हींत कोण लिहितंय हे विचारायची सोयच नाही. १०२ किंवा ५०२ नंबरच्या पोर्टपर्यंत जो पोचला तो लिहू शकतो. त्यामुळे पीएलसीचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं हवं आणि मधे फक्त तुमचा एक संगणक, दोन नेटवर्क कार्डांचा. मालकांना घरून बघायचं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून देऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा इथल्या पाणीपुरवठ्याचा युनिट्रॉनिक्सचा पीएलसी बाहेरच्यांनी ताब्यात घेतला. अशी उपकरणं इंटरनेटवर उघडी होती आणि त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेलाच नव्हता, असं तिथल्या सरकारी यंत्रणेने नंतर सांगितलं. आपल्याकडच्या मध्यम डेअरीचं कंट्रोल पॅनल त्याहून काही वेगळं नसतं. घरून बघायचं असेल तर तुमचा संगणक नोंदी दुसरीकडे पाठवेल आणि मालक त्या नोंदी बघतील. पीएलसीपर्यंत बाहेरून रस्ताच नको.

ओपीसी यूए, म्हणजे उपकरणांशी नावानिशी देवाणघेवाण करायची पद्धत, का नाही, असं कोणी विचारेल. तुमच्या एस७-१२०० चं फर्मवेअर ४.४ किंवा त्यापुढचं असेल तर त्यातच ओपीसी यूए सर्व्हर आहे. तिथे पत्त्यांऐवजी नावं मिळतात, प्रकार कळतो, कोणाला फक्त वाचू द्यायचं हे ठरवता येतं, आणि बाइटच्या क्रमाची कटकट उरत नाही. लायसन्स घ्यावं लागतं. नवं काम असतं तर मी तेच निवडलं असतं. पण टपालपेटी तिथेही लागते, कारण तिसऱ्या हाताचा प्रश्न नावांनी सुटत नाही.

वेळेचं एक राहिलं. पीएलसीकडून तारीख-वेळ वाचणार असाल तर त्याची सिस्टिमची वेळ ग्रीनिचची असते, स्थानिक वेळ वेगळ्या सूचनेने मिळते. नोंदी साडेपाच तास मागे दिसल्या तर कारण तेच.

आता करण्याचा क्रम. उद्या डीबी १०० करा, त्यात १२३४५, सेकंदाचा आकडा आणि तापमान एवढंच ठेवा आणि आठवडाभर फक्त वाचा. रोज केबल एकदा मुद्दाम काढून लॉगमध्ये रिकामी जागा पडते का ते बघा. लिहिण्याचं लॉजिक पॅनलवर नेण्याआधी टेबलावर सुट्या सीपीयूवर चालवा, वीज तोडून आणि चुकीचे आकडे पाठवून. डेल्टाचं नेमकं मॉडेल आणि त्या पोर्टवर आणखी काय जोडलंय ते कळवा. एचएमआय त्याच तारेवर असेल तर दोन मास्टर होतात आणि तिथे वरचा उपाय पुरणार नाही, संगणकासाठी दुसरा पोर्ट बघावा लागेल.